पुराच्या निरोपांत अण्णा

घाबरले की मला राग येतो. लहानपणापासूनचं आहे हे. आई म्हणायची, "हिला विंचू चावला तर ही आधी विंचवाशी भांडंल, मग रडंल." त्या पावसाळ्यात मी दिसेल त्याच्या अंगावर जात होते. दूधवाल्याच्या, खोलीच्या मालकिणीच्या, ऑफिसातल्या करकरणाऱ्या पंख्याच्यासुद्धा. खरं कारण माझं मला ठाऊक होतं.

मी साताऱ्यात नोकरी करते. गाव खाली सांगली जिल्ह्यात, आष्ट्यापासून थोडं आत, कृष्णेच्या काठाला. गावात आई आणि अण्णा, म्हणजे माझे वडील. अण्णा फौजेतनं पेन्शनीत आले आणि थोडा ऊस आणि दोन म्हशींत रमले. मी त्यांची एकुलती एक. मुलगा नाही म्हणून भावकीनं हळहळायचं तेवढं हळहळून घेतलं. अण्णांनी मात्र मी इंजिनियर झाले तेव्हा त्याच भावकीला घरोघर जाऊन पेढे दिले, आणि प्रत्येकाला सांगितलं की आता माझी पोर मशीनला हुकूम देती.

हुकूम बिकूम काही नाही. आमचं ऑफिस म्हणजे पोवई नाक्यापासून जवळ, दुसऱ्या मजल्यावर, चार टेबलं. त्या दिवसांत आम्ही वकिलांसाठी एक प्रोग्रॅम बनवत होतो. वकील लोक लांबलचक दावे टाइप करतात. त्यांना एखादा शब्द दिला की तो जिथं जिथं आलाय तिथं तिथं पिवळा झालेला हवा होता, शाळेत आपण पुस्तकातल्या ओळी स्केचपेननं रंगवायचो तसा. हे काम माझ्याकडं होतं. स्क्रीनवर ज्या चौकोनी खिडकीत मजकूर लिहितात तिला आतल्या प्रत्येक अक्षराचा पत्ता ठाऊक असतो, कितवी ओळ आणि त्या ओळीतलं कितवं अक्षर. प्रोग्रॅमनं तिला विचारायचं, हा शब्द कुठं आहे? ती पहिला पत्ता सांगते. तिथून शब्दाच्या लांबीइतकी जागा पिवळी करायची आणि पुन्हा विचारायचं, ह्याच्या पुढं कुठं आहे? असं ती ‘आता नाही’ म्हणेपर्यंत विचारत राहायचं. आणि नवा शब्द शोधण्याआधी जुना पिवळा पुसून टाकायचा, नाहीतर सगळाच काला होतो. बास, एवढंच.

माझ्या शेजारच्या टेबलावर मेढ्याचा एक सहकारी बसतो, आम्ही त्याला मेढेकरच म्हणतो. डोंगरातला माणूस, त्याला पावसाचं काही वाटत नाही. गुडघाभर चिखल झाला तरी "बरा हाय" म्हणेल. त्या आठवड्यात तो रोज सकाळी छत्री झटकत यायचा आणि त्यांच्याकडं किती कोसळतोय ते कौतुकानं सांगायचा. तिसऱ्या दिवशी मी त्याला म्हणाले, "तुमच्या डोंगरावर पडलेला प्रत्येक थेंब वेण्णेतनं कृष्णेत येतो आणि आमच्या दारात उभा राहतो, कळलं का? तेव्हा आनंदानं सांगू नकोस." त्यानं छत्री नेऊन कोपऱ्यात ठेवली. मग दुपारी चहा सांगताना माझ्यासाठी न विचारता आल्याचा सांगितला, म्हणजे भांडण मिटलं होतं.

पण माझं म्हणणं खरं होतं. साताऱ्यात खिडकीवर वाजणारा पाऊस आमच्या गावात एका दिवसानं पोचतो. कोयनेचे दरवाजे उचलले की सांगलीत लोक आयर्विन पुलापाशी पाण्याची पातळी किती ते विचारायला लागतात, आणि आमच्या गावात लोक रेघ बघायला जातात.

ही रेघ म्हणजे मारुतीच्या देवळाच्या भिंतीवर तेलकट लाल रंगानं मारलेली एक आडवी खूण. पूर्वी कधीतरी मोठा पूर आला होता, तेव्हा पाणी जिथवर चढलं तिथं कुणीतरी ती ओढून ठेवली. तेव्हापासून गावात घर बांधायचं, गोठा घालायचा, उकिरडा हलवायचा म्हटलं की आधी रेघ बघायची. आमचं घर देवळाच्या मागंच. अण्णांनी गोठ्याचा कट्टा रेघेच्या वर हातभर उचलून घेतला होता, आणि ही गोष्ट ते पाहुण्यांना जेवताना सांगायचे. रेघेवर गावाचा देवाइतका विश्वास.

पाणी गावात शिरलं त्या सकाळी अण्णांशी फोनवर बोलणं झालं. पंचायतीच्या भोंग्यावरून गाव सोडा म्हणून सांगत होते, ते मला फोनमधूनही ऐकू येत होतं. आमच्याकडं अशा वेळी बायका-पोरं निघतात आणि घरटी एक गडी जनावरांपाशी मागं राहतो. कुणी ठरवलेलं नाही हे, पण आहे. दावणीला जनावर बांधलेलं असताना घर रिकामं करून जाणं माणसाला जमत नाही, आणि सोडून द्यावं तर पुरात ते कुठं जाईल.

"तुझी आई ट्रॅक्टरवर बसली," अण्णा म्हणाले. "आष्ट्याला शाळेत सोय केलीया. मी हाय हितं."

"तुम्ही पण जा."

"म्हसरं?"

"सोडून द्या."

"आगं, पोस्ट सोडून जातंय व्हय कोण?"

"अण्णा, पाणी कुठवर आलंय?"

"रेघेच्या लय खाली हाय. रेघेच्या वर आजवर आलेलं न्हाई. तू जेवलीस का?"

मी म्हणाले, खड्ड्यात गेली ती रेघ. बापाशी असं बोलत नाहीत, पण बोलले. ते हसले आणि म्हणाले, बॅटरी कमी हाय, ठेवतो. त्यानंतर त्यांचा फोन लागला नाही. फोनमधली ती बाई दरवेळी त्याच गोड आवाजात सांगायची की ग्राहक संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे. मी तिलाही शिव्या दिल्या. आईकडं स्वतःचा फोन नाही, म्हणजे तिचीही खबर नाही. एसटी स्टँडवर गेले तर कंट्रोलरनं मान हलवली, कराडच्या पुढं गाडी नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले तर त्यानं मान हलवायचीही तसदी घेतली नाही, मला लांबूनच ओळखलं.

तेव्हा टीव्हीवर आमचा भाग दाखवायला लागले होते. वरून घेतलेली चित्रं, सगळीकडं चहासारखं पाणी आणि त्यातनं वर आलेले विजेचे खांब. मी आमचं देऊळ शोधायचे. कळस दिसायचा पण भिंत दिसायची नाही. भिंत दिसत नाही म्हणजे रेघ पाण्याखाली गेली, हे समजायला मला बराच वेळ लागला, कारण मला ते समजून घ्यायचं नव्हतं. मी मालकिणीच्या दिवाणखान्यात उभी होते, समजलं तेव्हा तिथंच खाली बसले.

आष्ट्यातल्या कॉलेजच्या पोरांनी मोबाइलवर मदतीचे ग्रुप काढले होते. कोण कुठं अडकलंय, कुठल्या शाळेत कोण आहे, बोट कुठं गेली, दूध कुठं हवंय, सगळं त्यात येत होतं. कुणीतरी मलाही त्यात घातलं. आधी वाटलं, बरं झालं. मग एका तासात कळलं की हे वाचणं माणसाचं काम नाही. एक निरोप वाचेपर्यंत दहा वर सरकायचे. तेच निरोप पुन्हा पुन्हा फिरून यायचे. अक्षरं डोळ्यांपुढं नाचायला लागली, आणि सारखी धास्ती की मी पाणी प्यायला उठले तेवढ्यात अण्णांचा निरोप वर निघून गेला असेल.

सकाळी मी ऑफिसला गेले. साहेब म्हणाले, अगं, तू घरी जा. मी म्हणाले, कुठल्या घरी? मी टेबलावर बसले, ग्रुपवरचे सगळे निरोप कॉम्प्युटरवर उतरवून घेतले, आणि वकिलांसाठी केलेल्या त्या लिहिण्याच्या खिडकीत ओतले. हजारो ओळी. शोधण्याचा भाग तोवर अर्धवट होता. पहिला शब्द सापडून पिवळा व्हायचा आणि तिथंच थांबायचं. मला सगळे हवे होते. मी घाईघाईनं पुढचे शोधण्याची फेरी लिहिली, वरच्या पट्टीत अण्णांचं नाव टाइप केलं आणि बटण दाबलं.

खिडकी गोठली. माउस फिरेना, काही हलेना. कोपऱ्यात किती सापडले ते दाखवायला मी एक आकडा ठेवला होता, तोही दिसेना.

"सापडलंय," मी ओरडले. "लय ठिकाणी सापडलंय, म्हणून वेळ लागतोय."

मेढेकर खुर्ची सरकवून आला. त्यानं माझा कोड वाचला. माझ्या खांद्यावरून वाचतोय ह्याचाही मला राग आला. तो हळू म्हणाला, "पुढं सरकवलं न्हाईस तू. सापडला की परत त्याच जागेपासनं शोधतंय. तोच तोच सापडतोय."

बरोबर होतं. सापडलेल्या शब्दाच्या शेवटापासून पुढं बघायला सांगायचं असतं, ते मी विसरले होते. प्रोग्रॅम एकाच जागी उभा राहून तोच शब्द पुन्हा पुन्हा पिवळा करत होता, आणि जन्मभर करत राहिला असता. पण कुठंतरी नाव आहे एवढं तर ठरलं ना, ह्या आशेवर मी ती ओळ दुरुस्त केली. साधा कंस दोनदा चुकला. पुन्हा बटण दाबलं.

एकच जागा पिवळी झाली. नाव तेच होतं, पण माणूस दुसऱ्या गावचा. त्याला शुगर होती आणि त्याच्या घरचे इन्शुलिन मागत होते.

मग मी आडनाव टाकलं. आमच्या गावात निम्म्या घरांचं आडनाव एकच. खिडकी वरपासून खालपर्यंत पिवळीजर्द झाली, हळदीच्या कार्यासारखी. त्यात एकही अण्णा नव्हते. चुलत्यांची नावं होती, पलीकडच्या आळीतल्या म्हातारीचं होतं, शाळेत माझ्या वर्गात असलेल्या दोघांची होती. गावाचं नाव टाकलं तर त्याहून पिवळं. ‘देऊळ’ टाकलं, ‘म्हशी’ टाकलं. पुरात अडकलेल्या प्रत्येक माणसाजवळ म्हशी होत्या.

मी डोकं टेबलावर ठेवलं. एवढ्या माणसांची नावं त्यात आहेत आणि माझ्याच बापाचं नाही, ह्याचा अर्थ त्यांना कुणी बघितलेलंच नाही. बघितलेलं नाही म्हणजे काय, ह्याच्या पुढं मी जात नव्हते. सकाळपासून माझं मन तिथपर्यंत यायचं आणि माघारी फिरायचं.

"कुणीतरी कळवलं असंल गं," मेढेकर म्हणाला. "तुझी आई हाय की आष्ट्यात. तिनं सांगितलं असंल कुणाला तरी."

"आई काय सांगणार?" मी खेकसले. "आई तर त्यांचं नावसुद्धा..."

आणि मी तिथंच थांबले.

आई अण्णांचं नाव घेत नाही. कधीच नाही. लग्नात उखाण्यात घेतलं असेल तेवढंच. आमच्याकडं तिच्या वयाच्या बायका घेतच नाहीत, नवऱ्याचं नाव घेणं म्हणजे त्याचं आयुष्य कमी करणं असं त्यांच्या मनात घट्ट बसलंय. माझं अर्धं बालपण अण्णांचं नाव सांगण्यात गेलं. अण्णा तेव्हा फौजेत. रेशनच्या दुकानात, दवाखान्यात, बँकेत, कारकुनानं विचारलं ‘नवऱ्याचं नाव?’ की आई मला पुढं ढकलायची आणि मी परकराची नाडी चघळत खणखणीत आवाजात पूर्ण नाव म्हणायचे. मी बरोबर नसले तर ती शेजारणीला डोळ्यांनी खुणावायची. आणि कुणीच नसलं तर एकच म्हणायची, अमकीचं वडील. अमकी म्हणजे मी. शाळेतलं नाव नव्हे, घरातलं. ते नाव मी इथं लिहीत नाही, ते आई आणि अण्णांशिवाय कुणी वापरत नाही.

आष्ट्याच्या शाळेत तिच्याबरोबर नाव सांगायला मी नव्हते.

मी वरच्या पट्टीतला शब्द खोडला आणि तिथं माझं स्वतःचं घरातलं नाव टाइप केलं. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर ते पहिल्यांदाच लिहीत होते. बटण दाबलं. सगळा पिवळा पुसला गेला आणि क्षणभर खिडकी पांढरी झाली. मग कोपऱ्यात आकडा आला, चार.

मेढेकर काहीतरी बोलला, मला ऐकू आलं नाही.

पट्टीशेजारी ‘पुढचा’ असं एक बटण होतं, तेही मीच केलेलं. दाबलं की खिडकी पुढच्या पिवळ्या शब्दापाशी सरकते. वकिलांना त्याचा फार उपयोग होईल असं मी साहेबांना सांगितलं होतं. मी दाबलं.

"अमकीचे वडील, देवळामागचं घर, माळवदावर आहेत, सोबत दोन म्हशी, फोन बंद. त्यांच्या मिसेस आष्ट्यात शाळेत आहेत. कृपया बोट पाठवा."

आधी जीव भांड्यात पडल्यासारखं झालं. आई सुखरूप होती, आणि अण्णांचा कुणीतरी विचार करत होतं. मग तारीख-वेळ बघितली. हा निरोप पाणी शिरलं त्याच दिवसाचा होता. मी पुन्हा दाबलं.

"बोट जाऊन आली. अमकीचे वडील यायला तयार नाहीत. आधी म्हशी न्या म्हणतात. बोटीत जागा नाही."

"ह्यांना ना," मी म्हणाले. "ह्यांना ना मी." पुढं काय ते मला सुचेना. डोळ्यांसमोर ते स्पष्ट दिसत होते, डोक्याला टॉवेल गुंडाळून घराच्या मातीच्या माळवदावर उकिडवे बसलेले, बोटीतल्या पोरांना फौजी हिंदीत ऑर्डर देत. मला राग येत होता, म्हणजे भीती वाढत होती. मी तिसऱ्यांदा दाबलं.

"देवळामागची दोन घरं रात्री पडली. अमकीचे वडील दिसले नाहीत. कुणी पाहिलं असल्यास कळवा, मिसेस फार रडत आहेत."

साहेबही येऊन माझ्या मागं उभे राहिले होते. बाहेर पाऊस वाजत होता, आणि पंखा. कोपऱ्यात चारचा आकडा तसाच होता. म्हणजे अजून एक होता. खाली, पांढऱ्या ओळींच्या ढिगात कुठंतरी माझं नाव पिवळं होऊन बसलं होतं आणि त्याच्या पुढं ‘वडील सापडले’ किंवा ‘वडील गेले’ असे दोन शब्द असणार होते. कुठले दोन, ते तिथं आधीच लिहिलेलं होतं. मी दाबलं नाही तर ते बदलणार नव्हतं, हे मला कळत होतं. तरी बोट हलेना. इतकी भीती मला त्याआधी कधी वाटली नव्हती आणि नंतरही वाटलेली नाही. दाबलं नाही तोवर अण्णा आहेत, असं काहीतरी मी मनात धरून बसले होते.

"मी दाबू का?" मेढेकर म्हणाला.

"हात लावलास तर बघ."

तो मागं झाला. मी डोळे मिटून दाबलं. मग डोळे उघडावे लागले.

"अमकीचे वडील सापडले. देवळाच्या कळसाला धरून होते. आष्टा रोडला आणलं. बोलत नाहीत पण बरे आहेत. मिसेसना सांगितलं."

मी ते किती वेळा वाचलं कुणास ठाऊक. साहेबांनी पाण्याचा ग्लास दिला, तो अर्धा माझ्या अंगावर सांडला. मेढेकर खिडकीकडं तोंड करून उभा राहिला आणि बराच वेळ छत्री झटकत होता, कोरडी छत्री. आणि मी, आता भीती संपली तरी, त्याच्यावर ओरडले की काय लावलंय ते, आवाज बंद कर.

रस्ता सुटला तशी मी निघाले. कराडपर्यंत एसटी, पुढं मिळेल ते. ऑफिसात ज्यावर काम करते तो लॅपटॉप पाठीवर होता, का घेतला ते सांगता येणार नाही, खोलीत ठेवून जाववेना. आष्ट्याच्या शाळेत एका वर्गात आमच्या गावातली बरीच माणसं होती. बाकं एका बाजूला रचली होती आणि जमिनीवर सतरंज्या. आईनं मला बघितलं आणि कपाळाला कपाळ लावलं. अण्णा भिंतीला टेकून बसले होते. कुणाचा तरी शर्ट अंगात, मोठा होत होता त्यांना. दोन्ही तळहातांची सालं गेली होती.

"निरोप लिवून घेनाऱ्या पोरीनं नाव इचारलं गं, तवा जवळ आपल्यातलं कोण बी नव्हतं," आई मला बाजूला घेऊन म्हणाली. "दोनदा इचारलं. मला वाटलं, आता घ्यावं. एवढं पाणी आलंय, आता तरी घ्यावं. पर तोंडातनं निघंचना. त्यातनं म्हटलं, आत्ताच घेतलं आनि काय झालं तर?"

मी तिला सांगितलं की तिनं दिलं तेच नाव मला सापडलं. तिला ते नीट कळलं नाही. तिनं पदरानं माझा चेहरा पुसला आणि चहा आणायला गेली.

अण्णा संध्याकाळपर्यंत बोलले नाहीत. मी शेजारी बसून राहिले. मग आपणहून बोलायला लागले, खालच्या आवाजात, समोरच्या फळ्याकडं बघत.

"मागच्या उतारावनं दोघींस्नी माळवदावर घेतलं हुतं, भिंत चरकली तवा दोघींची बी दावी कापली. धाकटी लगीच गेली व्हावत. थोरली जाईना. नुसती माझ्याकडं बघत हुबी. मग माळवद बसलं नि मी पाण्यात. तिचं शेपूट घावलं. तिनं वडत नेलं मला देवळापतूर. अंधार, त्यात पाण्याला लय वड, पर तिनं नेलं बघ. कळस हाताला लागला नि मी शेपूट सोडलं."

ते थांबले. दोन्ही तळहात उलटे करून बघितले त्यांनी.

"सोडाय नगं हुतं," ते म्हणाले.

"अण्णा, तुम्ही दोन्ही हातांनी कळस धरला नसता तर..."

"तिला वाटलं असंल, मी हाय मागं. ती फुडं गेली तशीच."

मग त्यांनी माझ्या पिशवीकडं बोट दाखवलं. आईनं त्यांना काहीतरी सांगितलं असणार. "त्यात मला हुडकलंस म्हनं तू."

"हो."

"काड की जरा."

मी लॅपटॉप काढून त्यांच्या मांडीजवळ ठेवला. फोनवरून ग्रुपचे सगळे नवे निरोप उतरवून घेतले. म्हशी सापडल्याचे, वाहून आलेल्या जनावरांचे बरेच निरोप आता येत होते, खाली सांगलीच्या बाजूला कुणाच्या शेतात, कुणाच्या मळीत. माझं नाव अजून वरच्या पट्टीत होतं, चारही जागी पिवळं. त्यांनी ते बघितलं, सावकाश वाचलं, ‘मिसेस फार रडत आहेत’ इथं बोट ठेवलं आणि काढलं.

"आता थोरलीचं नाव घाल," ते म्हणाले.

म्हशीचं नाव कोण लिहिणार, अण्णा? हे माझ्या ओठांवर आलं होतं. ते नाव आमच्या गोठ्याबाहेर कुणाला माहीत नव्हतं. नाव घालणारेही तेच आणि हाक मारणारेही तेच. मी मुकाट्यानं ते टाइप केलं आणि बटण दाबलं. अमकीचे वडील जिथं जिथं पिवळे होते तिथला पिवळा पुसला गेला. खिडकी पांढरी झाली आणि पांढरीच राहिली. कोपऱ्यात शून्य आलं.

"न्हाई?" अण्णा म्हणाले.

"नाही."

त्यांनी सालं गेलेला हात पुढं केला आणि एका बोटानं ते बटण स्वतः दाबलं. मग पुन्हा एकदा दाबलं.

"निरोप याचं थांबलं का समदं?"

"नाही. येतायत अजून."

"मग बंद करू नगं," ते म्हणाले, आणि लॅपटॉप दोन्ही हातांनी जवळ ओढून त्या पांढऱ्या खिडकीकडं बघत बसले.